स्वतःच्या आवडी आणि गुण वापरून भक्ती वाढवता येते का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपण हिशेबाचे काम करता, आकड्यांत आणि थोड्याफार चित्रकलेत रमता, परंतु माळ हातात घेऊन जपाला बसलात की दहा मिनिटांत डुलकी येते, अशा माणसाने आपल्या उपजत आवडीच भक्तीला जोडल्या तर चालेल का, की ती पळवाट ठरेल?

चालेल, असे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकतो. मात्र जी आवड आपल्याला देवासमोर आणून बसवते, तीच पुढे आपल्या आणि देवाच्या मध्येही बसू शकते. माझ्या बाबतीत दोन्ही घडले आहे, म्हणून आधी तेच सांगतो.

जपात मीही कच्चाच आहे. मला लहानपणापासून ओढ आहे ती झाडापाल्याची. आमच्या घरी भाद्रपदातील गणेशपूजेसाठी बाजारातून पत्रीची जुडी येत असे. एका वर्षी ती सहज सोडून पाहिली, तेव्हा तीत आघाडा आणि दूर्वा एवढेच ओळखीचे निघाले. बाकी सगळा रस्त्याकडेचा पाला होता. पूजेच्या पोथीत तर २१ पत्रींची नावे स्पष्ट दिलेली असतात आणि प्रत्येक पत्रीसाठी गणपतीचे वेगळे नाव उच्चारले जाते. पुढच्या वर्षी ही पाने आपणच गोळा करायची, असे मी ठरवले.

त्या खटाटोपात मी जे शिकलो, ते मला केवळ पोथी वाचून कधीच कळले नसते. माका पाणथळ जागी मिळतो आणि त्याचे पान बोटांत चुरडले की रस काळा पडतो. डोरलीच्या पानांवरही काटे असतात, केवड्याच्या पानाची कड करवतीसारखी हात कापते आणि रुईचा चीक डोळ्यांत जाऊ नये म्हणून पान जपून खुडावे लागते. विष्णुक्रांता शोधण्यासाठी माळरानावर अक्षरशः गुडघे टेकावे लागले, कारण तिचे निळे फूल करंगळीच्या नखाहून फारसे मोठे नसते. परंतु खरी गंमत पूजेच्या वेळी आली. ‘उमापुत्राय नमः’ म्हणताना हातात बेल होता आणि ‘हरसूनवे नमः’ म्हणताना धोत्रा. बेल आणि धोत्रा दोन्ही शंकराला वाहण्याची पाने. म्हणजे पार्वतीचा मुलगा, शंकराचा मुलगा अशी हाक मारतानाच ती मुलाला वाहिली जातात. ही नावे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण पान स्वतः शोधून आणले नसते तर त्या नावापाशी मी क्षणभरही थांबलो नसतो.

आता दुसरी बाजू. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत माझी पत्री नातेवाइकांत गाजली. मी ताटात २१ वाट्या मांडू लागलो, प्रत्येक वाटीपुढे नावाची चिठ्ठी लावू लागलो आणि आलेल्या पाहुण्यांना शमी कशी ओळखावी, मालती म्हणजे नेमकी कोणती वेल यावर जाणकारांत मतभेद कसे आहेत, हे रंगवून सांगू लागलो. एका चतुर्थीला असेच माझे निरूपण चालू असताना लक्षात आले की गुरुजी हात पुढे करून थांबलेले आहेत, ‘गुहाग्रजाय नमः’ दोनदा म्हणून झाले आहे आणि आघाड्याचे पान माझ्याच हातात राहिले आहे, कारण मी ते एका मेहुण्यांना दाखवत होतो. गुरुजी काहीच बोलले नाहीत. त्या दिवशीची पूजा माझ्या हातून झाली, असे मला आजही म्हणवत नाही.

आपल्या प्रश्नाला शास्त्राधार द्यायचा झाला की लोक सहसा सावता माळी, गोरा कुंभार, नरहरी सोनार यांची उदाहरणे देतात आणि ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायातील स्वकर्मकुसुमांच्या, म्हणजे आपल्या कामाच्याच फुलांनी करायच्या, पूजेची ओवी सांगतात. ती उदाहरणे थोर आहेतच, तरी मला ती इथे तंतोतंत लागू पडतात असे वाटत नाही. जनाबाई दळत होत्या ते दळणाची आवड होती म्हणून नव्हे, आणि चोखोबांना तर त्यांच्या वाट्याला आलेले काम आवडते का, हे कुणी विचारलेही नसेल. त्या संतांनी वाट्याला आलेले काम देवाला वाहिले. आपण विचारता ती गोष्ट निराळी आहे, कारण आवड निवडता येणे हीच मुळात एक सवलत आहे.

आपल्या प्रश्नाला अधिक जवळचा आधार नारदभक्तिसूत्रांत आहे. त्यातील ८२ वे सूत्र म्हणते की भक्ती एकच असूनही ती अकरा प्रकारच्या आसक्तींनी प्रकट होते. कुणी देवाच्या गुणांत रमतो, कुणी त्याच्या रूपात, कुणी पूजेत, कुणी स्मरणात, कुणी दास्यात, कुणी सख्यात. सूत्रकार इथे ‘आसक्ती’ हाच शब्द वापरतात, याचे मला विशेष वाटते. एरवी ज्या शब्दापासून साधकाला दूर राहायला सांगितले जाते, तोच इथे उपयोगाचा ठरला आहे. आपल्याला चित्रात रस आहे, म्हणजे आपली प्रकृती रूपासक्तीच्या बाजूची असावी. तसे असेल तर डोळे मिटून बसण्याचा हट्ट तूर्त सोडावा आणि विठ्ठलाची एकच मूर्ती रोज अर्धा तास रेखाटावी: कमरेवरचे हात, मकरकुंडले, गळ्यातील तुळशीहार, विटेवरची समचरणे. दरवेळी नवे चित्र, नवी शैली असे करू नये. तेच रूप पन्नासाव्यांदा काढताना कंटाळा येऊ लागला की तिथून पुढचे काम साधनेचे, असे समजावे. आणि ती चित्रे, निदान वर्षभर तरी, कुणाला दाखवू नयेत. माझ्या २१ वाट्यांची गोष्ट वाचल्यावर यामागचे कारण वेगळे सांगायला नको.

हिशेबाविषयी तर परंपरेतच एक सुंदर आख्यायिका आहे. एकनाथ महाराज देवगिरीला जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना त्यांच्याकडे हिशेबाचे काम होते. एकदा ताळेबंदात एका पैची चूक येत होती, म्हणून ते रात्रभर वह्या उलथत बसले आणि ती सापडताच आनंदाने त्यांनी टाळी वाजवली. स्वामींनी ते पाहिले आणि विचारले की, एका पैची चूक सापडल्यावर इतका आनंद होतो, तर संसाराची चूक सापडल्यावर किती होईल? हिशेब सोड आणि जपाला बस, असे स्वामी म्हणाले नाहीत. रात्रभर न डुलकणारे ते लक्ष शिष्यापाशी आधीच आहे, एवढे त्यांनी ओळखले. आपल्यालाही वह्या तपासताना दहा मिनिटांत झोप येत नसणार.

म्हणून मी आपल्याला दोन कामे सुचवीन. पहिले पंचांगाचे. चंद्र आणि सूर्य यांच्यातील अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी पूर्ण होते, परंतु चंद्राची गती सारखी नसल्यामुळे तिथी कधी वीस तासांच्या आसपास संपते, तर कधी सव्वीस तासांहून अधिक चालते. काही महिन्यांत स्मार्त (सर्वसाधारण गृहस्थांची) आणि भागवत (वैष्णवांची) अशा दोन एकादश्या लागोपाठच्या दिवशी का येतात, हे एकदा स्वतः आकडेमोड करून पाहावे. मग उपवासाचा दिवस कॅलेंडरवर छापलेला म्हणून पाळला जात नाही. त्या दिवसाची आपण आधीपासून वाट पाहू लागतो.

दुसरे काम अधिक रूक्ष आहे आणि मला ते अधिक मोलाचे वाटते. आपल्या गावच्या देवळात हरिनाम सप्ताह होत असेल, तर त्याच्या शिध्याचा हिशेब मागून घ्यावा. काल्याच्या दिवशी किती पाने उठतील, त्याला तांदूळ, डाळ, तेल किती लागेल, कुणाची वर्गणी आली आणि कुणाची राहिली, हे सांभाळणारा माणूस बहुतेक ठिकाणी मिळत नाही. कीर्तन रंगात आले असताना आपण आतल्या खोलीत पावत्या जुळवत बसाल आणि अभंग भिंतीपलीकडून ऐकू येईल. त्या वेळी मनात कुरकुर येते का, की ऐकू येईल तेवढ्यावर हात चालू राहतो, याकडे लक्ष ठेवावे. जप मात्र पूर्ण सोडू नये. माळ ओढवत नसेल तर ११ वेळा नाम घेऊन हिशेबाची वही उघडावी, एवढे पुरे.

पत्री मी अजूनही गोळा करतो. चिठ्ठ्या बंद केल्या आहेत आणि प्रत्येक झाडाचे एकच पान घेतो, कारण अर्जुनवृक्षाच्या फांद्या ओरबाडून आणण्यात पूजा नाही. देवदार हिमालयातला, आमच्या भागात त्या नावाने जे विकले जाते ते बहुधा भलतेच असते, म्हणून ‘सुराग्रजाय नमः’ आले की मी अक्षता वाहतो. गेल्या चतुर्थीला १७ पाने मिळाली, चार नावांना अक्षता वाहिल्या आणि पाहुण्यांपैकी कुणाच्याही ते लक्षात आले नाही.