हिवाळा लागला की सून झोपूनच असते, हा आळस की आजार?

प्रश्न: मुलगा-सून कॅनडात विनिपेगला असतात. गेली दोन वर्षं बघतेय, नोव्हेंबर लागला की सुनेचं सगळं बिघडतं, सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत झोप, सारखा भात नाहीतर ब्रेड, फोनवर धड बोलत नाही, आणि एप्रिल आला की एकदम टकाटक. तिथल्या डॉक्टरने सीझनल डिप्रेशन म्हटलंय. तिथले गोरे जन्मभर त्याच थंडीत राहतात, त्यांना नाही होत, मग आपल्याच पोरींना कसं होतं? – एक सासूबाई, सांगली

उत्तर: काकू, गोऱ्यांनाही होतं की! १९८४ मध्ये या आजाराचं नीट वर्णन झालं तेच मुळी अमेरिकेत. पुढच्या एका पाहणीत उन्हाळ फ्लोरिडात शंभरात दीडेक जण निघाले आणि वरच्या न्यू हॅम्पशरमध्ये जवळजवळ दहा. (असे आकडे लोकांकडून फॉर्म भरून घेऊन काढतात, त्यामुळे जरा फुगतातच.) बायकांमध्ये आणि तरुण वयात जास्त दिसतं.

आता वाटेल की जेवढं उत्तरेला तेवढा त्रास, पण आइसलंडने हा हिशोबच उलटा केला. रेक्याविकला डिसेंबरात दिवस जेमतेम चार तासांचा, तरी १९९३ च्या अभ्यासात प्रमाण शंभराला चाराच्या आतच. आणि गंमत म्हणजे सुनेच्या विनिपेगजवळच गिमलीच्या भागात १८७५ पासून आइसलंडची माणसं वसलीत, मॅनिटोबातल्या त्यांच्या वंशजांतही हा आजार कमीच सापडला, म्हणजे बहुतेक रक्तातच काहीतरी असावं असा संशोधकांचा अंदाज. आपल्या रक्तात तसा बचाव कुठला असायला, मुंबईत सगळ्यात लहान दिवससुद्धा अकरा तासांचा असतो, विनिपेगला तो आठ तासांवर येतो, आणि तेव्हा ही पोरगी ऑफिसात.

तेव्हा आळस वगैरे डोक्यातून काढा. जास्त झोप, भात-ब्रेडची ओढ, वसंतात आपोआप बरं वाटणं ही याचीच लक्षणं. यावर उपाय म्हणून सकाळी उठल्या उठल्या दहा हजार लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) लाइटसमोर अर्धा तास बसायचं असतं, चहा पीत पेपर वाचत चालतं, एकटक बघत बसायचं नाही. पण डोळ्यांचा आजार किंवा बायपोलर (कधी अति उत्साह, कधी खोल उदासी असा मनाचा आजार) असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. जीव नकोसा झालाय असं काही बोलली तर मात्र लाइटच्या भरवशावर राहू नका, मुलाला लगेच त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायला सांगा. आणि तुम्ही व्हिडिओ कॉलवर ‘अजून झोपलीच आहेस?’ विचारणं बंद करा हो.