ख्रिस्ती लेखक म्हणून वाढताना विश्वास केंद्रस्थानी कसा ठेवावा?

लिहिणं वाढलं की प्रार्थना मागे पडते, ही तुमची अडचण ना? माझीही तीच होती. आता मी आधी शास्त्रवाचन करते, मग वही उघडते. एखादं स्तोत्र मोठ्यानं वाचते आणि त्यात लेखाचा विषय मुद्दाम शोधत नाही. हे जपाच, नाहीतर बायबल नुसता कच्चा माल होऊन बसतं.

दुसरी गोष्ट भाषेची. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, तेही साध्या बायकांना समजेल अशा बोलीत. संस्कृतवर एवढं प्रभुत्व असलेली बाई, आणि १९२२ मध्ये जाईपर्यंत हेच काम करत राहिली! मला त्यांचा फार आधार वाटतो. आपण मात्र मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, शब्द सवयीनं लिहीत जातो. मी एक लेख शेजारच्या काकूंना वाचून दाखवला. त्या ख्रिस्ती नाहीत. ‘तारण’ शब्दाशी त्यांनी मला थांबवलं. "म्हणजे बँकेत दागिने ठेवतात ते?" आपण तो शब्द पापातून सुटका या अर्थानं वापरतो, पण त्यांचं बरोबरच होतं. मी तो शब्द काढला आणि आईच्या आजारपणात, ससूनच्या बाहेर बाकावर बसून केलेली प्रार्थना जशीच्या तशी लिहिली. काकूंनी तो कागद मागून घेतला.

ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंगही वाचा. येशूबद्दल वारकऱ्यांच्या लयीत बोलता येतं, हे तिथे कळतं. आणि छापायला देण्याआधी लेख मंडळीतल्या एखाद्या स्पष्ट बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांना नक्की दाखवा.