गिटारच्या हार्मनीसाठी पिच शिफ्टर कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न असा आहे: बँडमध्ये गिटार वाजवणारे तुम्ही एकटेच, पण सोलोमध्ये दोन गिटार एकत्र वाजल्यासारखी हार्मनी हवी. मग व्हॅमीसारखा साधा पिच शिफ्टर (वाजवलेला सूर ठरावीक अंतराने वर-खाली करणारं पेडल) घ्यावा, किंवा की (गाण्याचा मूळ सूर) आणि स्केल (त्यावरची सुरांची मालिका) निवडता येणारं 'इंटेलिजंट' हार्मनी पेडल?

हे पेडलवरून ठरवू नका, तुमच्या सोलोवरून ठरवा. थर्डची (वाजवलेला सूर पहिला धरून स्केलमधल्या तिसऱ्या सुराची) हार्मनी हवी असेल तर सहसा की-स्केलवालंच घ्यावं लागतं. ऑक्टेव्ह, फिफ्थ किंवा फोर्थवर (तसाच आठवा, पाचवा किंवा चौथा सूर) काम भागत असेल तर साधा शिफ्टर पुरतो आणि माझ्या मते अनेकदा तोच जास्त चांगला वाजतो.

कारण सरगममध्ये लगेच कळेल. सगळे शुद्ध स्वर घ्या, म्हणजे मेजर स्केल. सा वर थर्ड म्हणजे ग, अंतर 4 सेमिटोन (एक फ्रेट म्हणजे एक सेमिटोन). रे वर थर्ड म्हणजे म, पण इथे अंतर 3 सेमिटोन. पुढे ग-प 3, म-ध 4, प-नी 4, ध-सा 3, नी-रे 3. सातपैकी तीन ठिकाणी 4 आणि चार ठिकाणी 3. साध्या शिफ्टरला हे काही कळत नाही. त्याला +4 सांगितलं की तो प्रत्येक सुरावर 4 सेमिटोनच चढवतो. सा, म, प वाजवलेत तोवर सगळं ठीक. रे वाजवला की वर तीव्र म येतो, ग वर कोमल ध, ध वर कोमल रे, नी वर कोमल ग. चाल शुद्ध स्वरांची असेल तर हे चारही सूर ऐकणाऱ्याला टोचणार.

फिफ्थचं तसं नाही. सातपैकी सहा सुरांवर 7 सेमिटोनचं सरळ अंतर जमतं, फक्त नी वर घोटाळा होतो. फोर्थमध्येही तसंच, तिथे फक्त म अडतो. मायनर पेंटाटॉनिकमध्ये (पाच सुरांच्या मायनर स्केलमध्ये) वाजवत असाल तर आणखी मजा आहे: ए, सी, डी, ई, जी या पाचही सुरांवर फोर्थ किंवा फिफ्थ चढवली तरी येणारा प्रत्येक सूर ए मायनरमध्येच राहतो. म्हणजे ब्लूज-रॉक वळणाचे सोलो असतील तर की सेट करण्याची भानगडच नको.

म्हणून आधी कागद घ्या. ज्या दोन-चार ओळींना हार्मनी हवी आहे त्या लिहून काढा आणि प्रत्येक सुराखाली दुसऱ्या गिटारचा सूर लिहा. अंतर कुठे बदलतं ते लगेच दिसेल. आणखी एक गोष्ट दिसेल, जी कुठल्याच पेडलला कळत नाही: खाली कॉर्ड कोणता चालू आहे. इंटेलिजंट पेडलला फक्त स्केल माहीत असतं. सी मेजर कॉर्डवर तुम्ही लांब जी धरलात तर ते वर बी देईल. स्केलमध्ये बरोबर, पण तिथे बहुतेकदा सी, म्हणजे फोर्थ, जास्त शोभला असता. दोन गिटारवाल्या बँडमधले वादक अशा जागी सहज अंतर बदलतात. पेडल बदलत नाही. तेव्हा हार्मनी पूर्ण सोलोवर लावू नका, ओळीपुरती लावा आणि लांब सुराच्या आधी बंद करायची सवय ठेवा.

आता नावं. बॉसच्या पीएस-6 हार्मोनिस्टमध्ये की निवडायचा नॉब आहे, मेजर-मायनर आहे, शिवाय साधा शिफ्टर आणि डिट्यूनही (सूर किंचित हलवून आवाज जाड करणं) आहे. तुमच्या वर्णनावरून मी हेच आधी वाजवून बघेन. टीसी इलेक्ट्रॉनिकच्या क्विंटेसेन्सवर की आणि स्केल दोन्ही निवडता येतात. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं पिच फोर्क ठरावीक अंतराचं आहे, पण कॉर्डसुद्धा सांभाळतं. इव्हेन्टाइड हे या क्षेत्रातलं जुनं नाव, त्यांचा एच910 हार्मोनायझर 1975 च्या सुमाराचा. पण फक्त हार्मनीसाठी तेवढा खर्च करायची गरज मला वाटत नाही. डिजिटेक व्हॅमीला (पायाने हलवायची पट्टी असलेल्या शिफ्टरला) लोक उगाच निव्वळ किंचाळणारं पेडल समजतात. त्यात हार्मनीचेही पर्याय आहेत, आणि एक तर असा की टाच खाली असताना मायनर थर्ड आणि पंजा खाली असताना मेजर थर्ड. संथ चालीत पायाने अंतर बदलत खरी स्केलमधली हार्मनी वाजवता येते. सराव लागतो, पण कॉर्ड पाहून निर्णय तुमचाच राहतो.

पेडलपेक्षाही मोठा फरक पडतो तो डिस्टॉर्शनमुळे (आवाज मुद्दाम फाडणाऱ्या इफेक्टमुळे), आणि त्याबद्दल विचारायचं बहुतेकांकडून राहून जातं. हार्मनी पेडल डिस्टॉर्शनच्या आधी लावलं तर दोन सूर एकत्र होऊन त्यात शिरतात. डिस्टॉर्शन त्या दोन्हींतून त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे सूर तयार करतं. 440 हर्ट्झचा ए आणि त्याच्यावरचा 554 हर्ट्झचा सी शार्प घ्या. वजाबाकी 114. खालचा ए असतो 110 वर. जवळ, पण जुळत नाही, म्हणून थर्ड तिथे गढूळ होऊन गुरगुरते. फिफ्थ घ्या: 659 वजा 440 म्हणजे 219, आणि ए आहे 220 वर. जवळजवळ बसलं. पॉवर कॉर्ड (मूळ सूर आणि त्याची फिफ्थ) कितीही गेनवर, म्हणजे कितीही डिस्टॉर्शनवर, दणदणीत वाजतो, त्याचं कारणही हेच.

तेव्हा थर्ड हवी असेल तर हार्मनी डिस्टॉर्शननंतर. डिस्टॉर्शन पेडलमधून येत असेल तर सोपं आहे, क्रम बदला. गेन अँपचाच असेल तर हार्मनी पेडल इफेक्ट्स लूपमध्ये (अँपच्या गेननंतर पेडल जोडायच्या जागी) जाईल. अँपला लूप नसेल आणि गेनही अँपचाच वापरायचा असेल तर थर्डचा नाद सोडा, फिफ्थ-फोर्थवर राहा किंवा गेन बराच कमी करा. डिस्टॉर्शननंतर पेडलला सूर ओळखणं अवघड जातं असं म्हणतात. ते काही अंशी खरं आहे, पण एका वेळी एकच तार वाजवली आणि बाकीच्या तारा दोन्ही हातांनी नीट दाबून ठेवल्या तर अडत नाही. खरी अडचण वाजत राहिलेल्या शेजारच्या तारेची असते.

सूर कोणता हे ओळखायला पेडलला लाटेचं निदान एखादं आवर्तन तरी ऐकावं लागतं. जाड ई तार 82 हर्ट्झची, तिचं एक आवर्तन 12 मिलिसेकंदांचं. बारीक ई तारेच्या बाराव्या फ्रेटवर तेच दीड मिलिसेकंदाचं. म्हणून जाड तारांवर हार्मनी मागे पडते किंवा थरथरते. हार्मनीच्या ओळी बारीक तीन तारांवर बसवा, स्वस्त पेडलही शहाण्यासारखं वागेल.

बेंडकडे लक्ष द्या. सी मेजरमध्ये सी वरून डी पर्यंत तार ओढली की अंतर 4 वरून 3 वर यायला हवं, आणि ते मध्येच कुठेतरी उडी मारतं. काही पेडलं ही उडी बरी लपवतात, काहींत ती स्पष्ट ऐकू येते. घेण्याआधी नेमकं हेच वाजवून बघा: सावकाश बेंड, रुंद व्हायब्रेटो, एक लांब धरलेला सूर, आणि जाड तारेवरून वर जाणारी वेगवान धाव. डेमोमध्ये दिसणाऱ्या गोड चालींवर निर्णय घेऊ नका, त्या पेडलला सोयीच्या निवडलेल्या असतात.

गिटार अर्धा स्वर उतरवून वाजवत असाल तर की नॉबही अर्धा स्वर खाली. बोटं ई मायनरच्या जागी असली तरी पेडलला ऐकू येतो तो ई फ्लॅट मायनर. मोडमध्ये (मेजर स्केलच्याच सुरांचं, पण वेगळ्या सुरापासून सुरू होणारं स्केल) वाजवत असाल तर मूळ मेजर स्केलची की लावा. डी डोरियनला सी मेजर चालतं. हार्मोनिक मायनर (शुद्ध नी असलेलं मायनर) मात्र फक्त मेजर-मायनर असलेल्या पेडलवर नीट निघत नाही.

हार्मनीचा आवाज मूळ गिटारपेक्षा थोडा कमी ठेवा. पेडलला मूळ आणि हार्मनी वेगवेगळ्या देणारी दोन आउटपुट असतील तर हार्मनीच्या बाजूला 15-20 मिलिसेकंदांचा डिले घाला, दोन माणसं वाजवत असल्याचा भास बराच वाढतो.

आणि हे सगळं स्टेजसाठी. रेकॉर्डिंगसाठी हवं असेल तर पेडल घेऊच नका, दुसरा भाग दुसऱ्या ट्रॅकवर स्वतः वाजवा.