क्राफ्ट व्हिस्की खरंच वेगळी असते, की बाटलीवरचा नुसता शब्द?

तुम्ही विचारलंय की 'क्राफ्ट' या शब्दाला काही ठरलेला अर्थ आहे का, आणि छोट्या डिस्टिलरीची व्हिस्की मोठ्या कंपनीच्या व्हिस्कीहून वेगळी लागते ती कशामुळे.

पहिल्याचं उत्तर लवकर संपतं. स्कॉच म्हटलं की ती स्कॉटलंडमध्येच बनलेली आणि ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं मुरलेली असावी लागते. बर्बन, म्हणजे अमेरिकेतली मक्याची व्हिस्की, म्हटलं की धान्यात निदान ५१ टक्के मका आणि मुरवायला आतून जाळलेलं कोरं ओक. 'क्राफ्ट'ला मात्र अमेरिकेच्या कायद्यात अशी व्याख्याच नाही. तिथल्या छोट्या उत्पादकांच्या संघटनांनी आपापल्या मर्यादा ठरवल्या आहेत, पण तो शब्द बाटलीवर छापायला कुणाची आडकाठी नाही. म्हणून त्या शब्दावरून मी काहीच ठरवत नाही.

दुसऱ्या भागावर मात्र मला मनापासून बोलायचंय, कारण पाच माणसांच्या एका डिस्टिलरीत मी चौदा महिने काम केलंय. मला तिथे दिसलेला फरक असा, की प्रत्येक निर्णय कुणाच्या तरी नाकाने आणि जिभेने घेतलेला असतो, आणि तो घेणाऱ्यालाच पुढे त्या पिंपाजवळ वर्षानुवर्षं थांबावं लागतं.

मराठीत 'पहिल्या धारेची' म्हणजे कडक, अस्सल. व्हिस्कीवाल्यांच्या लेखी पहिली धार म्हणजे वेगळी काढायची धार. तांब्याच्या स्टिलमध्ये, म्हणजे दारू गाळायच्या भांड्यात, दुसऱ्यांदा ऊर्ध्वपातन सुरू झालं की आधी जे येतं त्याला हेड्स म्हणतात. त्यात ॲसिटाल्डिहाइड आणि इथाइल ॲसिटेट जास्त, वास थेट नेलपॉलिश काढायच्या द्रावासारखा. ते बाजूला काढायचं. मग येतो हार्ट, म्हणजे व्हिस्कीसाठी ठेवायचा मधला भाग. शेवटी टेल्स: जड, तेलकट, ओल्या पुठ्ठ्याच्या वासाचे. ही धार एका भांड्यातून दुसऱ्या भांड्याकडे वळवण्याला 'कट' म्हणतात. मोठ्या डिस्टिलरीतही कट असतोच, पण तिथे तो बहुधा ठरलेल्या तीव्रतेवर आणि वेळेवर होतो, कारण त्यांना लाखो बाटल्यांत एकच चव हवी असते. तेही सोपं काम नाही, त्याबद्दल मला आदरच आहे. आमच्याकडे मुख्य डिस्टिलर बाई दर दोन मिनिटांनी ग्लासात थोडं घेऊन, पाणी घालून, तळहातावर चोळून हुंगायच्या. एकदा माझ्या हातून टेल्सचा कट उशिरा झाला. फार नाही, दहाएक मिनिटं. त्यांनी ते पिंप वेगळं ठेवलं, त्यावर माझं नाव खडूने लिहिलं आणि म्हणाल्या, "याची चव तू दर सहा महिन्यांनी घ्यायची." मी तिथे असेपर्यंत दोनदा घेतली. दोन्ही वेळा त्यात भिजलेल्या चामड्याचा वास होता आणि मला तो लगेच ओळखू आला.

आंबवण्याचंही तसंच. यीस्टचं काम दोन-तीन दिवसांत आटोपतं. पण आंबवण अजून दोन दिवस ठेवलं तर लॅक्टिक ॲसिड तयार करणारे जिवाणू कामाला लागतात आणि फळांसारखे वास वाढतात. टाक्या लवकर रिकाम्या करायच्या असतील तर ते दोन दिवस परवडत नाहीत.

आता पैशाचं. बहुतेक वाईट क्राफ्ट व्हिस्की इथेच जन्मते. स्टिल, जागा, धान्य, पिंपं यांचा खर्च पहिल्या दिवसापासून सुरू होतो आणि माल विकायला वर्षं जातात. म्हणून बरेच जण सुरुवातीला जिन काढतात, कारण ती मुरवावी लागत नाही. काही जण नेहमीच्या २०० लिटरच्या पिंपाऐवजी २०-३० लिटरची पिंपं घेतात. त्यात दारूच्या मानाने लाकूड जास्त लागतं, रंग झटपट चढतो. पण हवेशी होणाऱ्या ज्या संथ क्रियांनी कच्चा तिखटपणा जातो, त्या तेवढ्या लवकर होत नाहीत. जीभ लाकडाने तुरट होते आणि घशात नवी दारू जळत राहते. हा दोष मला आता पहिल्या घोटात कळतो.

तिसरा मार्ग म्हणजे दुसऱ्याची तयार व्हिस्की विकत घेऊन आपल्या नावाने बाटलीत भरणं. इंडियाना राज्यातल्या लॉरेन्सबर्गच्या एका मोठ्या डिस्टिलरीतली राय (एक धान्य) व्हिस्की अशी कितीतरी वेगवेगळ्या नावांनी विकली गेली आहे. यात गैर काही नाही, सांगून केलं तर. निवडणं आणि मिसळणं हीसुद्धा कला आहे. आजोबांच्या गुप्त कृतीची गोष्ट छापून हे लपवणाऱ्यांचा मात्र मला राग येतो, कारण शेजारी कुणीतरी खरोखर तीन वर्षं वाट बघत बसलेलं असतं.

वाट बघणाऱ्यांत मला सगळ्यात जवळचे वाटतात ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरचे बिल लार्क. पेशाने सर्व्हेअर. बेटावर उत्तम बार्ली आहे, पीट (धूर देणारी, जळणासारखी वापरायची दलदलीतली माती) आहे, स्वच्छ पाणी आहे, मग इथे व्हिस्की का होत नाही, असा त्यांना प्रश्न पडला. अडचण कायद्याची होती: १९०१ च्या नियमानुसार २,७०० लिटरपेक्षा लहान स्टिलला परवाना मिळत नसे, म्हणजे छोट्या माणसाला दारच बंद. त्यांनी पाठपुरावा करून ते उघडवलं आणि १९९२ मध्ये परवाना मिळवला. दीडशेहून अधिक वर्षांत टास्मानियाला मिळालेला तो पहिला. नंतर आलेल्या कितीतरी जणांना त्यांनी आपलं ज्ञान हातचं न राखता दिलं. २०१४ मध्ये त्याच बेटावरच्या सलिव्हन्स कोव्हच्या व्हिस्कीला जगातल्या सर्वोत्तम सिंगल माल्टचा, म्हणजे एकाच डिस्टिलरीत मोड आणलेल्या बार्लीपासून बनलेल्या व्हिस्कीचा, पुरस्कार मिळाला.

बाटली घेताना 'डिस्टिल्ड बाय' कुणाचं नाव आहे ते बघा. नुसतं 'बॉटल्ड बाय' असेल तर व्हिस्की कुठून आली ते विचारा, चांगले लोक सरळ सांगतात. बाटलीवर छापलेल्या मुरवणीच्या वर्षांच्या आकड्यावर फार जाऊ नका. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के उडून जातं, उष्ण हवेत त्याच्या कितीतरी पट, आणि तिथे मुरणंही वेगाने होतं. कधी एखादी डिस्टिलरी बघायला मिळाली तर पिंपात जाण्याआधीचं, पाण्यासारखं पारदर्शक स्पिरिट हुंगायला मागा. लाकडाने अजून काही झाकलेलं नसतं, त्यामुळे कट कसा घेतलाय ते तिथेच कळतं.