पॅरिश म्हणजे परगणा नव्हे!

प्रश्न आलाय की नवऱ्याचं इंग्लिश आजोळ यॉर्कशरमधल्या हेप्टनस्टॉलचं, पण जुन्या कागदांत 'पॅरिश ऑफ हॅलिफॅक्स' लिहिलंय, तर मूळ गाव कुठलं, आणि पॅरिशला, म्हणजे एका मुख्य चर्चच्या हाताखालच्या इलाख्याला, मराठीत परगणा म्हणायचं का.

परगणा अजिबात नाही! नुसतं 'पर' जुळतं म्हणून लोक हे ठोकून देतात, सारखं वाचायला मिळतं आणि दर वेळी डोकं फिरतं. परगणा हा फारसीतून आलेला महसुली शब्द, त्यात कितीतरी गावं. आपल्याकडे पॅरिशला शब्द आहेत की, वसईचे कॅथलिक धर्मग्राम म्हणतात, गोव्यात कोकणीत फिर्गज, ते वापरा ना.

खरी गंमत मुळात आहे. ग्रीक 'पारोइकोस', पारा म्हणजे शेजारी आणि ओइकोस म्हणजे घर. हा ओइकोस आपल्या संस्कृत वेश, वेश्म यांचा सख्खा भाऊ, म्हणून मला तर गावाची वेससुद्धा याच घराण्यातली वाटते. पण पारोइकोसचा अर्थ नुसता शेजारी नाही, दुसऱ्याच्या गावात येऊन राहिलेला परका. आपला उपरी! मिरासदार आणि उपरी, त्यातला उपरी. सुरुवातीचे ख्रिस्ती स्वतःला या जगात उपरे मानत, म्हणून त्यांची वस्ती ती पारोइकिया, त्याचं लॅटिनमध्ये पारोकिया, मग फ्रेंचमधून पॅरिश. काही जण मूळ 'पारोकोस'मध्ये शोधतात, म्हणजे सरकारी प्रवाशांना लाकूड-मीठ पुरवणारा माणूस. चूक! त्या शब्दाने फार तर स्पेलिंग बिघडवलं, अर्थाशी त्याचा काही संबंध नाही.

आणि बघा, उपऱ्यांच्या नावाने सुरू झालेला हा शब्द इंग्लंडात उपऱ्यांनाच हाकलायला वापरला गेला. गरिबांना पोसायचा खर्च पॅरिशवर, म्हणून 1662 च्या कायद्याने वर्षाला 10 पौंडांहून कमी भाड्याच्या जागेत कोणी नवा येऊन राहिला तर तक्रार करून 40 दिवसांच्या आत त्याला परत त्याच्या पॅरिशला धाडता यायचं. हद्द इतकी महत्त्वाची की ती विसरू नये म्हणून पोरांना घेऊन हद्दीवरून फिरायचे आणि हद्दीच्या दगडावर त्यांना आपटायचे.

हां, हेप्टनस्टॉल. हॅलिफॅक्सची पॅरिश प्रचंड, तिच्यात वीसहून जास्त टाउनशिपा, म्हणजे पॅरिशचे गाववार भाग, हेप्टनस्टॉल त्यातलीच एक आणि तिथे पोटचर्च, म्हणून गाव हेप्टनस्टॉल आणि पॅरिश हॅलिफॅक्स, दोन्ही बरोबर. रजिस्टर दोन्हीकडची बघा. लग्नाच्या नोंदीत 'ऑफ धिस पॅरिश' असेल तर तो लग्नाच्या वेळी तिथे राहत होता एवढंच कळतं, जन्म तिथलाच असं नाही. आणि नावापुढे 'सोजर्नर' दिसलं तर बाप्तिस्मा बहुतेक दुसऱ्याच पॅरिशमध्ये सापडेल, कारण सोजर्नर म्हणजे तोच आपला पारोइकोस!