काट्यावरची पावती अडकते तेव्हा

भाऊ, रावेरच्या केळीकाट्यावर पावती सेव्ह करताना मशीन दमतं, ते बहुतेकदा एसक्यूलाइटच्या (पावत्या साठवणाऱ्या डेटाबेसच्या) मूळ डिलीट मोडमुळे. दर पावतीला जर्नल फाइल (बदलाआधीच्या माहितीची तात्पुरती प्रत) बनते, डिस्कवर सिंक होते म्हणजे पक्की लिहिली जाते, मग पुसली जाते. जुन्या हार्डडिस्कला हे फार जड जातं.

जर्नल मोड एकदा वॉल (WAL, बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहायची पद्धत) कर. नोंदी वॉल फाइलच्या शेवटी जोडल्या जातात, साधारण १००० पानं (डेटाबेसचे छोटे तुकडे) झाली की मूळ फाइलीत उतरतात. एखादा रिपोर्ट तासभर उघडा राहिला तर मात्र ती वॉल फाइल फुगतच जाते.

सिंक्रोनस (डिस्कवर किती पक्कं लिहायचं ते ठरवणारी सेटिंग) नॉर्मल ठेवलंस तर वेग वाढेल, पण लाइट गेली की शेवटच्या पावत्या जाऊ शकतात. शेतकऱ्याच्या पैशाचा हिशोब आहे, फुलच ठेव. नेटवर्क शेअरवर (दुसऱ्या मशीनवरच्या सामायिक फोल्डरवर) वॉल नकोच. बॅकअपला नुसती मूळ फाइल कॉपी करू नकोस, ताज्या पावत्या तिच्यात नसतात. एसक्यूलाइटची बॅकअप कमांडच वापर.