पोटगी थकली, तर अवमान याचिका करावी का?

प्रश्न : नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयातून परस्पर संमतीने आमचा घटस्फोट झाला. मला आणि मुलीला मिळून दरमहा बारा हजार रुपये देण्याचे माजी पतीने संमतीपत्रात मान्य केले होते. वर्षभरापेक्षा जास्त काळ एक रुपयाही आलेला नाही. ते अंबडच्या एका कारखान्यात नोकरीला आहेत. मात्र ‘परवडत नाही’ एवढेच सांगतात. न्यायालयाच्या अवमानाची केस केली की ते थेट तुरुंगात जातील, असे नातेवाईक म्हणतात. हे खरे आहे का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : आपल्या नातेवाइकांचा सल्ला पूर्णपणे चुकीचा नाही, पण आपल्याला हवे आहेत ते पैसे, आणि अवमानाची कारवाई ही मुळात पैसे वसूल करण्यासाठी नाहीच. न्यायालय अवज्ञेबद्दल शिक्षा करते, तेही अवज्ञा हेतुपुरस्सर होती हे सिद्ध झाल्यावर. न्यायालयांचा अवमान अधिनियम, 1971 नुसार कमाल शिक्षा सहा महिने साधी कैद किंवा दोन हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी आहे. दंडाची रक्कम वाचून आपल्याला हसू आले, तर त्यात नवल नाही. शिवाय कौटुंबिक न्यायालयाच्या आदेशाच्या अवमानाबद्दल शिक्षा करण्याचा अधिकार उच्च न्यायालयाला आहे, म्हणजे मुंबईच्या खेपा आल्या. आणि अवमान घडल्यापासून एका वर्षाच्या आत कारवाई सुरू व्हावी लागते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट आपल्या संमतीपत्रातच दडलेली आहे. पतीने न्यायालयाला स्वतंत्र हमी दिली होती, की फक्त आपसातील अटींवर सही करून त्यानुसार हुकूमनामा झाला, हे आधी तपासा. बाबू राम गुप्ता विरुद्ध सुधीर भसीन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, न्यायालयाला हमी दिलेली नसेल, तर केवळ तडजोडीच्या अटी मोडणे म्हणजे अवमान नव्हे. हमी असेल, तर मात्र आपली बाजू बरीच भक्कम होते.

माझ्या मते पहिले पाऊल दरखास्तीचे, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या अर्जाचे, असावे. ती नाशिकच्या त्याच न्यायालयात दाखल करता येते आणि थकलेल्या प्रत्येक हप्त्यासाठी, तो थकल्यापासून बारा वर्षांची मुदत असते. पती पगारदार आहेत, हे आपल्या पथ्यावर पडणारे आहे. इतर देण्यांसाठी पगाराचा थोडाच भाग जप्त होतो. पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 नुसार एक तृतीयांश पगार वगळून उरलेला जप्त करता येतो. तशा आदेशाची नोटीस मिळाल्यावरही मालकाने रक्कम कापली नाही, तर ती भरण्याची जबाबदारी त्याच्यावरच येते. ऐपत असून देत नाही असे दिसले, तर याच दरखास्तीत पतीला तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेतही ठेवता येते, आणि त्याने देणे फिटत नाही.

एक महिन्याच्या कैदेची जी गोष्ट सर्वत्र ऐकू येते, ती पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 मधील, म्हणजे 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 मधील आदेशांपुरती आहे. आपला हुकूमनामा हिंदू विवाह कायद्याखालचा असेल, तर तो मार्ग या थकबाकीला लागू होत नाही.

‘परवडत नाही’ या म्हणण्याचेही पाहू. परिस्थिती खरोखर बदलली असेल, तर रक्कम कमी करून मागण्याचा अर्ज त्यांनी न्यायालयात करायचा असतो. आपल्या मनाने हप्ते थांबवण्याची मुभा कोणालाही नाही. मात्र खरीखुरी असमर्थता हा अवमानाच्या आरोपावर बचाव ठरू शकतो, म्हणूनही मी ती कारवाई मागे ठेवतो. रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोटगीचा आदेश जाणूनबुजून मोडणाऱ्याविरुद्ध अवमानाची कारवाई होऊ शकते असे म्हटले आहे. तेव्हा पगार जप्तीचा आदेशही त्यांनी नोकरी सोडून किंवा मिळकत लपवून चुकवला, तर तिचा विचार जरूर करावा.

तूर्तास हुकूमनाम्याची आणि संमतीपत्राची प्रमाणित प्रत, बँकेच्या पासबुकातील नोंदी, पतीच्या कारखान्याचा पूर्ण पत्ता आणि महिनावार थकबाकीचा तक्ता तयार ठेवा. वकिलाची फी झेपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. तेथे मोफत वकील मिळण्यासाठी स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही.